पत्र्याचा गळा

दौलतमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुलडाण्याला ऑफिसात फायली लावत होते. पलीकडून त्यांचा मुलगा मिलिंद एवढंच म्हणाला, "ताई, बाबा गेले," आणि पुढे नुसता घरातला गलका ऐकू येत राहिला... मी रडले नाही. कागद ओढला आणि कुणाकुणाला कळवायचं, गाडी कुणाची, डॉक्टरांचा दाखला कोण आणणार हे लिहायला घेतलं. माझं सगळं असंच. आधी यादी, मग बाकीचं. डोणगावला पोचेपर्यंत यादीतलं बरंचसं उरकलं होतं. बाकीचं अजून चालू आहे, आणि त्यात दुःखापेक्षा किळस जास्त आहे, हे आधीच सांगून टाकते.

मामा शाळेत विज्ञान शिकवायचे, पण मेहकर-चिखलीपर्यंत त्यांना ओळखायचे ते ग्रामोफोनवाले मास्तर म्हणून. घरात आजोबांचा चावीचा ग्रामोफोन होता, मोठ्या कर्ण्याचा. लाऊडस्पीकर गावोगाव पोचले नव्हते तेव्हा आजोबा तो बैलगाडीत घालून लग्नांना आणि जयंतीला न्यायचे. आपल्या वस्तीत आपल्या लग्नात बाजा वाजला पाहिजे, ही त्यांची हौस, आणि त्या काळात ती साधी हौस नव्हती. एकदा मोताळ्याकडे जाताना यंत्र गाडीतून पडलं आणि कर्णा गळ्यापाशी तुटला. तिथल्या बाजारात एका टिनवाल्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून कर्ण्याच्या गळ्याला पट्टी डागून दिली. त्या संध्याकाळी लग्नात तो वाजला. पुढे मामांनी तो गळा कधी बदलला नाही.

हे यंत्र खोलता-जोडता मामा शिकले, आणि मग लोक आपापली यंत्रं दाखवायला आणू लागले. मला यादी करायची सवय, म्हणून मामा शिकवायचेही तसंच. आधी कर्ण्याकडे बघायचंच नाही, कारण फसवणारा सगळा खर्च कर्ण्यावर करतो. यंत्र उलटं करायचं. जुन्या स्क्रूच्या डोक्याला एकच सरळ खाच असते. अधिकच्या चिन्हासारखी खाच दिसली की तो नंतरचा. मग लाकडात बुजवलेली भोकं शोधायची. ती असली तर आतली मोटर दुसऱ्याच कुठल्या यंत्राची. सगळ्यात शेवटी साउंडबॉक्स, म्हणजे सुई बसवायची गोल डबी, जिच्यात अभ्रकाची चकती थरथरते. मी एकदा विचारलं, मग आपला पत्र्याचा गळा काय, तोही नंतरचाच की. मामा म्हणाले,

"हे पाय बाई, वाजाव म्हणून लावलं थे दुरुस्ती. इकाव म्हणून लावलं थे सोंग."

सोंगाची त्यांना खरोखरच शिसारी होती. शेगावला एका लग्नाला गेलो होतो. लॉजच्या काउंटरवर पितळेचा कर्णा लावलेला ग्रामोफोन, आरशासारखा चकचकीत, शेजारी प्लास्टिकची फुलं. मामा जवळ गेले तसा मॅनेजर म्हणाला, काका हात नका लावू, ओरिजिनल आहे. मामांनी दोन्ही हातांनी यंत्र उचललं आणि त्याच्यासमोर आडवं केलं. पेटी नवीन लाकडाची, मोटर कुठल्याशा लहान पेटीतल्या यंत्राची, कर्णा इतका पातळ की बोटाने दबावा. "ओरिजिनल त आहे," मामा म्हणाले, "पण काय ओरिजिनल आहे थे तुमचं तुम्ही ठरवा." मॅनेजर हसला, आम्ही सगळे हसलो. मामा हसले नाहीत. जेवणाच्या पंगतीतही त्यांनी गोड घेतलं नाही. पॉलिशचा वास नाकातून जाऊन नाही राह्यला, म्हणाले.

त्याच माणसाच्या पुण्यानुमोदनाला जे झालं, ते आता सांगते.

मिलिंद पुण्याला असतो. बापावर त्याचं प्रेम होतं, पण त्यांच्या शेजारी बसून यंत्र खोलायला त्याला कधी वेळ झाला नाही. मामांच्या फोटोशेजारी ग्रामोफोन ठेवायचा असं त्याने ठरवलं आणि कुणालाही न सांगता तो शहरातल्या एका 'ॲन्टिक'च्या दुकानात देऊन नवा करून आणला. कार्यक्रमाच्या दिवशी मी मंडपात शिरले आणि आधी वास आला... अगरबत्तीत मिसळलेला व्हार्निशचा वास. फोटोशेजारी तेच शेगावचं यंत्र बसलं होतं म्हणा ना. पेटी रंधून काढलेली, कोपऱ्यांवर पितळी पट्ट्या ठोकलेल्या, वर नवा पितळी कर्णा. लोक त्याच्याबरोबर मोबाइलवर फोटो काढत होते. एक पाहुणे म्हणाले, मास्तर असते त पाहतच राह्यले असते. मास्तर असते तर मंडपाबाहेर जाऊन ओकले असते.

मामी फोटोला फूल वाहायला उठल्या आणि यंत्रापाशी थांबल्या. वाकून कर्ण्याच्या गळ्यावरून बोट फिरवलं. मग मिलिंदकडे वळून अगदी हळू विचारलं, "हे आपलं नोहे, बाबू. तुह्या बाबाचं कुठी ठेवलं?"

मिलिंदचं तोंड उतरलं. हेच ते आई, फक्त साफ केलंय, असं तो सांगत राहिला. मी सगळ्यांदेखत यंत्र उलटं केलं. एकूण एक स्क्रू अधिकच्या चिन्हाचा. मोटर तेवढी आपली, साउंडबॉक्स दुसराच. म्हणजे साफ करण्याच्या नावाखाली चांगलं ते काढून घेतलं होतं. मामी खाली बसल्या, त्या वंदना संपेपर्यंत उठल्या नाहीत.

दुसऱ्याच दिवशी मी आणि मिलिंद त्या दुकानात गेलो. मामींना दुसरं काही नको होतं. आजोबांचा कर्णा आणि तो आवाज परत पाहिजे होता. मालक चहा मागवून निवांत बोलत होता. जुना माल भंगारात गेला, म्हणाला. मी मागच्या खोलीत गेले. पंखे, कुकर, मोडक्या सायकली यांच्या ढिगात आमचा कर्णा उताणा पडला होता, तोंडात कुणीतरी पान थुंकलेलं. पत्र्याचा गळा शाबूत होता. माझ्या पदराने मी तो पुसला. नंतर ती साडी मी पुन्हा नेसले नाही.

साउंडबॉक्स समोरच्या काचेच्या कपाटात सापडला, दुसऱ्याच एका सोंगावर बसवलेला. आमच्या चकतीला कडेला चीर गेली होती आणि मामांनी सुनेच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ती थांबवली होती. मी ठिपक्यावर बोट ठेवलं तेव्हा मिलिंद पहिल्यांदा बोलला. हे माझ्या बायकोचं नेलपॉलिश आहे, हा माझ्या बापाचा हात आहे, काढ. मालकाने तो काढून दिला. पण आम्ही निघताना तो म्हणाला, "मॅडम, जुनाच लूक पाहिजे होता तर आधी बोलायचं. ॲसिड मारून देतो, दोन दिवसांत शंभर वर्षांचं दिसेल."

तो हे मनापासून, मदत म्हणून सांगत होता. चोरीपेक्षा मला त्याचीच किळस जास्त वाटते.

घरी आल्यावर मिलिंदने सुट्टी वाढवली. जमिनीवर बसून त्याने पितळी पट्ट्या उचकटल्या, खिळ्यांची भोकं तशीच राहिली. ती बुजवू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. उद्या कुणी हे यंत्र उलटं करून पाहिलं तर त्याला कळू दे इथे काय झालं होतं. कर्णा बसला, चकती बसली, आवाज आला. पूर्वीइतकाच घोगरा. पण रंधलेली पेटी काही परत आणता येत नाही. ती तशीच गुळगुळीत, तेलकट चमकत असते आणि मला अजून तिच्याकडे बघवत नाही. व्हार्निश खरवडून काढायचं मिलिंदने मनावर घेतलं होतं. मामींनी त्याला थांबवलं.

"राहू दे आता. हात लागून लागून जुनी होईन थे."

पेटी आता मामींच्या खाटेला लागून असते. गुडघे दुखतात, म्हणून उठताना त्या तिच्या कोपऱ्यावर तळहाताचा भार देतात. मामाही तसेच उठायचे म्हणे. गेल्या आठवड्यात गेले तेव्हा मी नीट पाहिलं. तेवढ्या एका कोपऱ्यावरची चमक मळायला लागली आहे.