ऑल्डनसाहेबांचं 'येस'

"बाबा हो म्हणालेत," क्लेअर फोन माझ्यापुढे धरत म्हणाली. "तुम्ही फक्त रिपोर्टमध्ये तसं लिहून द्या."

फोनवरच्या व्हिडिओत तिचे वडील, मिस्टर ऑल्डन, खुर्चीत बसले होते. ती विचारत होती, "शेवट बदलला तर चालेल ना?" ते मान डोलावून म्हणत होते, "येस, येस."

मी स्पीच थेरपिस्ट आहे. मूळची चिपळूणची, आता कुवेतमधल्या एका रिहॅब सेंटरमध्ये. स्ट्रोकनंतर काहीजणांची जीभ ठीक असते, बुद्धीही शाबूत असते, पण हवा तो शब्द ओठांवर येत नाही. याला अफेजिया म्हणतात. अशा पेशंटच्या तोंडून कधी कधी 'नाही' म्हणायचं असतानाही 'हो' निघतं.

मिस्टर ऑल्डन नाटककार. इंग्लंडमधल्या एका बंदराच्या गावी, गोदीकामगाराच्या घरात जन्मले. थिएटरमध्ये सेट उचलता उचलता लिहायला लागले. बेकरी चालवणाऱ्या दोन भावांवरचं त्यांचं नाटक तिकडे फार गाजलं. नंतरची चालली नाहीत. टीव्हीसाठी लिहून संसार केला. लोक हळूहळू विसरले. बायको गेल्यावर ते मुलीकडे, कुवेतच्या मिरकाब भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आले, आणि इथेच त्यांना स्ट्रोक आला. क्लेअर इथे शाळेत शिकवते.

आता लंडनची एक कंपनी तेच नाटक पुन्हा करणार होती. मूळ नाटकात थोरला भाऊ शेवटी लांबलचक भाषण करतो आणि धाकट्याला माफ करतो. कंपनीला त्याने माफ केलेलं नको होतं. त्यासाठी लेखकाची संमती हवी होती, आणि ती खरी असल्याचा आमचा रिपोर्ट. ती नाही मिळाली तर ते दुसरं नाटक घेणार होते. क्लेअरला वाटत होतं, बाबांच्या हयातीत हे एकदा व्हावं.

आमचे हेड डॉ. देशमुख नागपूरचे. केबिनमध्ये मराठीतच बोलतात.

"अगं, व्हिडिओ आहे ना तिच्याकडे? एक ओळ लिही, खलास."

"सर, मी काल त्यांना विचारलं, तुम्ही बाई आहात का? त्यालाही येस म्हणाले."

ते हसले नाहीत. "मग काय करतेस?"

"तपासते. थोडा वेळ द्या."

पुढच्या सेशनला क्लेअरला समोर बसवलं. मी विचारलं, "थोरल्याने माफ करावं?" येस. "माफ करू नये?" येस. क्लेअरचा चेहरा उतरला.

मग दोन कार्डं ठेवली. एकावर 'माफ करतो', दुसऱ्यावर 'माफ करत नाही', इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. एवढं त्यांना वाचता येत होतं. त्यांनी डाव्या हाताने दोन्ही बाजूला सारली. मी जागा बदलून पुन्हा ठेवली. पुन्हा सारली.

"दमलेत ते," क्लेअर म्हणाली.

मला तसं वाटलं नाही. मी तिसरं, कोरं कार्ड ठेवलं. 'यातलं काहीच नाही' म्हणण्यासाठी आम्ही ते वापरतो. त्यांनी त्याच्यावर तळहात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"पण तिसरं काय असणार?" क्लेअरने विचारलं.

ते मलाही माहीत नव्हतं. म्हणून पुढच्या वेळी तिला नाटकाचं पुस्तक आणायला सांगितलं. थोरल्याचे संवाद ती वाचू लागली, धाकट्याचे मी, माझ्या चिपळुणी इंग्रजीत. ते डोळे मिटून ऐकत होते. धाकटा म्हणतो, "भट्टी मी विझू दिली नाही." एवढं वाचलं आणि त्यांनी हात वर केला. क्लेअरने थोरल्याचं भाषण सुरू केलं, तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली.

"नो."

त्यांच्या तोंडून आलेलं हे पहिलं स्पष्ट 'नो'. आम्ही पुन्हा वाचलं, त्यांनी तिथेच थांबवलं. मुद्दाम वेगळ्या जागेपासून सुरुवात केली, तरी तिथेच. पुढच्या आठवड्यातही तेच.

"भाषणच काढायचं?" क्लेअरने विचारलं. त्यांनी पुस्तकातल्या त्या मजकुरावर हात ठेवून तो झाकला.

तिने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मग म्हणाली, "आईला पुरलं तेव्हा मी हेच भाषण वाचलं होतं, बाबा. तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत."

त्यांचे ओठ हलत राहिले. शेवटी शब्द आला, "सॉरी."

ती त्यांचा हात धरून रडली. अफेजियात 'सॉरी'सुद्धा पुष्कळदा आपोआप निघतं. त्यांना ते म्हणायचंच होतं की नाही, हे मी सांगू शकत नव्हते. तिनेही विचारलं नाही, आणि मी आपणहून काही बोलले नाही.

रिपोर्टमध्ये मी काय विचारलं, कसं विचारलं, किती वेळा तेच उत्तर आलं, सगळं लिहिलं. कंपनीने आधी कुरकुर केली, मग भाषण काढायचं मान्य केलं. क्लेअर सुट्टीत जाऊन प्रयोग पाहून आली. धाकट्याच्या वाक्यानंतर थोरला नुसता उभा राहतो आणि अंधार होतो. पुढे काहीतरी आहे असं वाटून लोक बसूनच राहिले, म्हणाली. ऑल्डनसाहेबांना तिने रेकॉर्डिंग दाखवलं. ते मध्येच झोपी गेले.

आता नवीन पेशंट आला की माझी पहिली काही सेशन्स फक्त 'हो' आणि 'नाही' तपासण्यात जातात. नातेवाईक कंटाळतात. बोलायला कधी शिकवणार, म्हणून विचारतात. डॉ. देशमुख मात्र आता मला एका ओळीचा रिपोर्ट मागत नाहीत.