ब्रायडीच्या तीन मात्रा

डोनल कुठलीही धून वाजवण्याआधी फिडलचा, म्हणजे व्हायोलिनचा, गज मांडीवर आडवा ठेवायचा आणि ती आपण कुणाकडून घेतली ते सांगायचा. "ही मिकी सुताराकडून. मिकीनं सासऱ्याकडून घेतली. सासरा तिरसट होता, पण वाजवायचा बरा." मगच गज उचलायचा. जर्मनीतल्या आखन शहरात एका पबात दर रविवारी दुपारी आम्ही आठ-दहा जण आयरिश संगीत वाजवायला जमायचो. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा वेळ काढतोय. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

मी तेव्हा नुकताच शिक्षण संपवून तिथल्याच एका कंपनीत लागलो होतो. गाड्यांच्या सुट्या भागांची मापं घ्यायची आणि मापात न बसणारा भाग बाजूला काढायचा, हे माझं काम. लहानपणी बासरी शिकलो होतो, त्या भांडवलावर टिनची शिट्टी, म्हणजे उभी धरायची आयरिश बासरी, घेऊन या मंडळींत घुसलो. डोनल सत्तरीचा होता. वेल्डर म्हणून जर्मनीत आला आणि इथलाच झाला. वयानं माझ्या वडिलांपेक्षा मोठा, पण तिथे सगळेच एकमेकांना एकेरी हाक मारायचे म्हणून मीही मारायचो. मनात मात्र त्याच्यासाठी 'अहो'च असायचं.

त्याची जीव की प्राण असलेली एक जिग होती. जिग म्हणजे नाचाची धून, आपल्या दादऱ्यासारखी सहा मात्रांत चालणारी. हिचं नाव विचारलं की डोनल म्हणायचा, "कुठल्या गावचं नाव हवंय?" कारण एका खोऱ्यात तिला 'बगळ्याची जिग' म्हणत, डोंगरापलीकडे 'मेरीचं फाटक'. त्याच्या मते ती मुळात एका हरवलेल्या गायीचं संथ गाणं होती. मग सैनिकांनी तिच्यावर पावलं टाकली, पुढे एका फिरत्या नाचमास्तरानं ती जिगच्या तालात बसवली. उत्तरेकडचे लोक तिचा दुसरा भाग आधी वाजवतात. "ते चुकतात का?" मी विचारलं. "छे, त्यांच्याकडे ती तशी पोचली," तो म्हणाला.

त्याच्याकडे पोचली ती ब्रायडी नावाच्या त्याच्या आत्याकडून. तिच्या स्वयंपाकघरात गावची पोरं नाचायला जमत. खोली अरुंद, एका टोकाला चूल, त्यामुळे नाचणाऱ्यांना वळून परत यायला ठरलेला वेळ पुरत नसे. म्हणून ब्रायडी दुसऱ्या भागाच्या शेवटी तीन मात्रा जास्तीच्या वाजवायची. लोक वळून येईपर्यंतच्या तीन मात्रा. ते घर पडलं, नाचणारे पांगले, पण डोनल त्या तीन मात्रा वाजवत राहिला. जगात त्या वाजवणारा तो एकटा उरला होता आणि याची त्याला पुरती जाणीव होती.

ती धून त्यानं फक्त मला शिकवायला घेतली. त्याला कारण माझे वडील. ते परभणीकडे गायन पार्टी चालवतात. जयंतीला गावोगाव गातात आणि दुसऱ्या पार्टीनं यांची चाल मोडून म्हटली की घरी येऊन जेवत नाहीत. हे सांगितल्यावर डोनल मनापासून हसला. "मग तुला समजावून सांगायला नको," म्हणाला. त्याची अट एकच होती, कागद नाही आणि रेकॉर्डिंग नाही. "ऐक, चूक, पुन्हा ऐक. घाई असलेल्यानं ढोल वाजवावा."

मला घाईच होती. मी टेबलाखाली मोबाइल ठेवून त्याचं वाजवणं सात वेळा रेकॉर्ड केलं.

दोन हजार पंधराच्या वसंतात डोनलच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर रेहा, म्हणजे चालणं पूर्ववत व्हावं म्हणून उपचार केंद्रात मुक्काम. दोन महिने तो नाही. शहरातल्या एका उत्सवात आम्हाला वाजवायला बोलावलं होतं. आमच्या गटाची व्यवस्था बघणारी उटे अकॉर्डियन वाजवायची. ती मला म्हणाली, "तर मग, डोनलची ती जिग वाजवू या. तुला येते, सगळ्यांसाठी नोटेशन लिहून दे." मी भारावून गेलो. सात रेकॉर्डिंग शेजारी-शेजारी लावून स्वरलिपी तयार केली. सराव सुरू झाला तसे सगळे त्या तीन मात्रांपाशी अडखळायला लागले. उटे म्हणाली, "इथे काहीतरी चुकलंय का?"

मी एवढंच म्हणायला हवं होतं, "नाही, ते तसंच आहे." मी घरी गेलो आणि त्या तीन मात्रा काढून टाकल्या. मापात न बसणारा भाग बाजूला काढला. वर सुबक अक्षरात लिहिलं, 'डोनलकडून'. उटेनं तो कागद धुनांच्या एका वेबसाइटवरही चढवला. आणि चोरून केलेली रेकॉर्डिंग उघडी पडू नयेत म्हणून मी सातही पुसून टाकली.

डोनल काठी टेकत परत आला त्या रविवारी त्याच्या स्वागताला सगळ्यांनी तीच जिग वाजवली. तो मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर विचारलं, "हे कुणाकडून घेतलंत?"

"तुझ्याकडूनच," उटे म्हणाली आणि कौतुकानं कागद पुढे केला. "बघ, लिहिलंय."

त्यानं कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. मी शिट्टी पुसत बसलो. "छान वाजवलंत," तो म्हणाला. दुसऱ्या फेरीला त्यानं फिडल उचलली आणि आमच्यासारखीच वाजवली, त्या तीन मात्रांशिवाय. त्यानंतर ती नेहमी तशीच वाजवली. "सगळे एका वाटेनं चालले असताना एकानं धक्के मारू नयेत," एवढंच म्हणाला. मला कधी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

पुढच्या रविवारी त्याला एकटं गाठून माफी मागायची आणि ब्रायडीचं वाजवणं पुन्हा शिकायचं, असं मी दोन वर्षं ठरवत होतो. लाज वाटायची म्हणून पुढे ढकलायचो. दोन हजार सतराच्या हिवाळ्यात डोनल झोपेतच गेला.

त्याची भाची फिडल घेऊन आयर्लंडहून आली. मामाच्या अंत्यविधीला त्याचीच धून वाजवायची म्हणून तिनं वेबसाइटवरून तो कागद छापून घेतला होता. "हेच ना ते?" तिनं मला विचारलं. "मामा सांगायचा, आखनमध्ये एकाला शिकवलंय."

यावेळी मी गप्प बसलो नाही. सगळं सांगितलं, रेकॉर्डिंग पुसल्याचंही. तिनं कागद घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "ठीक आहे. तू वाजवून दाखव, मी शिकते."

मी शिट्टी ओठांना लावली. दुसऱ्या भागाच्या शेवटाशी आलो आणि बोटं सरळ पुढे निघून गेली. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. दोन वर्षं मी माझाच कागद वाजवला होता. जागा माहीत होती, मात्रा तीन हेही माहीत होतं, स्वर मात्र गेले होते. तिथे खपून जाईल असं काहीतरी बोटांना सुचत होतं. वाजवलं असतं तर कुणालाच कळलं नसतं.

"मला आठवत नाही," मी म्हणालो. "तिथे काही वाजवू नकोस. तीन मोज आणि पुढे जा."

दुसऱ्या दिवशी कबरीपाशी ती तशीच वाजवत होती. दर फेरीला त्या जागी गज तारांवरून उचलायची, ओठांनी एक, दोन, तीन मोजायची आणि पुढे जायची. उटे मला हळूच म्हणाली, "बिचारी विसरतेय बहुतेक." मी म्हणालो, "ती नाही, मी विसरलोय."