वासवानी सरांचा जुना शब्द

रजेचा अर्ज दिला की वासवानी सर तब्येतीची चौकशी करण्याआधी इंग्रजी तपासायचे. मी ‘सिक’ लिहिलेलं खोडून त्यांनी ‘इनडिस्पोज्ड’ लिहिलं आणि म्हणाले, “बेटा, तबियत बरी नाही एवढंच सांगायचं. किती बरी नाही, ते साहेबाला कशाला?”

उल्हासनगरात त्यांचा टायपिंग क्लास होता, मी तिथे शिकायचे. सगळे कॉम्प्युटरकडे वळले तरी कोर्टाच्या कागदांमुळे सरांकडे माणसं येत राहिली. भाडेपट्ट्यात ‘डिमाइज’ वाचून एक मुलगी घाबरली, तेव्हा ते हसले. “कोणी मेलं नाही. घर भाड्यानं दिलं, बस. जुना शब्द आहे, त्याला आजचा कपडा नको घालू.”

मागच्या वर्षी आमच्या काकूचं हेंद्रेपाड्यातलं घर पाडून नवी इमारत बांधायचं ठरलं. काका गेले तेव्हा वकिलानं केलेला इंग्रजी कागद बिल्डरच्या माणसानं पाहिला. त्यात काकूच्या नावापुढे ‘रेलिक्ट’ असा शब्द होता. त्यानं मोबाइलवर अर्थ शोधला आणि मराठी मसुद्यात लिहिलं, ‘टाकलेली पत्नी’.

“नवऱ्यानं टाकलेली असेल, तर घरावर हक्क कसा?” तो म्हणाला. “सही आत्ता घेता येणार नाही.”

काकू तो कागद घेऊन उठली. घरी आल्यावर पाटावर बसून राहिली, ताटाला हात लावेना. “मना कोनी टाकलेली नाय गो,” ती मला म्हणाली. “माझ्या मांडीवर जीव सोरला त्यांनी.”

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन सरांकडे गेले. क्लास बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, सरांनी ऐंशी ओलांडली होती. त्यांनी भिंग लावून तो शब्द पाहिला आणि जाड शब्दकोश काढून माझ्यासमोर ठेवला. “तू वाच. मोठ्यानं.”

मी वाचलं. जुन्या इंग्रजीत ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा.

सर काकूकडे वळले. “ताई, शब्दाचं मूळ ‘मागे राहिलेली’ असं आहे. त्या मुलानं ‘टाकलेली’ केलं. राहिलेली आणि टाकलेली, किती फरक आहे!”

काकूनं पदरानं डोळे पुसले. “मंग लिवून द्या तसा.”

सरांनी टाइपरायटरवर अर्ध्या पानाचा खुलासा केला, शब्दकोशाच्या पानाची झेरॉक्स जोडायला सांगितली. बिल्डरच्या वकिलानं तो मान्य केला. मसुदा बदलून आणल्यावर त्या माणसानं खाली मान घालून वाचलं, “कैलासवासी दामोदर यांची विधवा पत्नी.”

“परत वाच,” काकू म्हणाली. त्यानं परत वाचलं. मग तिनं सावकाश सही केली आणि घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मी सरांना फोन केला. झालेलं सगळं सांगितलं.

“फाळणीनंतर आम्ही निर्वासितांच्या कॅम्पात आलो, तेव्हा माझ्या आईच्या कागदावर हाच शब्द होता,” ते म्हणाले. “मी शाळेत होतो. ती विचारायची, बेटा, माझ्याबद्दल काय लिहिलंय? मला इंग्रजी येत नव्हतं. अर्थ कळेपर्यंत खूप वर्षं गेली.” फोनवर त्यांचा मोठा श्वास ऐकू आला. “तुझ्या काकूला लवकर कळलं. बहुत अच्छा हुआ.”