कॉलरवरचं फोलपट

माझी बायको सुमन, तिला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी भाजलेल्या शेंगांचा वास आला की मुकुंदवाडी स्टेशनचा बाक आठवतो. तिच्या प्रत्येक किमोला, शेंद्रा एमआयडीसीतल्या माझ्या कंपनीत सुट्टी मिळत नाही असं सांगून मी तिथंच शेंगा खात बसायचो. तिला सुई टोचताना बघायची हिंमत नव्हती. दवाखान्यात तिची बहीण असायची.

एका संध्याकाळी सुमननं काळ्या पडलेल्या नखांनी माझ्या कॉलरवरचं शेंगदाण्याचं लाल फोलपट उचललं.

"कंपनीत आता शेंगा बी वाटतात व्हय?"

मी कॉलर झटकली.

पुढच्या किमोच्या सकाळी तिनं ओट्याला धरून धरून माझा डबा भरला. म्हणाली, "जावा, उशीर होईल कंपनीला."

मी डबा घेतला आणि स्टेशनावर गेलो.