आतोबांची भुतं

डहाणूपासून तलासरीपर्यंतच्या सगळ्या स्मशानांत मिळून जेवढी भुतं नसतील, तेवढी एकट्या आमच्या आतोबांनी हयातीत उभी केली. आतोबा म्हणजे माझ्या धाकट्या आत्याचे यजमान. सडपातळ, गवताच्या वखारीत कारकुनी करणारे, मांजर आडवं गेलं तर दोन पावलं मागे येणारे गृहस्थ. पण आसपास कुठंही हौशी नाटक ठरलं, मग ते डहाणूच्या मंडळाचं असो, आशागडच्या तरुणांचं असो की बोर्डीच्या मास्तरांचं, पहिला निरोप आतोबांना जायचा. नाटकात भूत नसलं तर ते घालायला लावत. एकदा एका मंडळानं लग्न जुळवण्याचं साधं विनोदी नाटक बसवलं होतं. आतोबांनी तालीम पाहिली, पान लावलं आणि शांतपणे विचारलं, "मुलीच्या आजोबांना कशाला जिवंत ठेवलंय?" पुढच्या तालमीला आजोबा वारलेले होते आणि दुसऱ्या अंकात खिडकीतून आशीर्वाद देत होते.

या सगळ्या नाटकांत मी प्रॉम्प्टर असे, कारण मला अभिनय येत नव्हता आणि वाचता येत होतं. त्या दिवसांत गावोगाव वीज नव्हती. गॅसबत्त्यांवर नाटकं चालत, आणि गॅसबत्ती अशी की पेटली तर भसाभस, नाहीतर काळोख. मंद उजेड तिला ठाऊकच नाही. आतोबांनी त्यावर युक्ती काढली होती. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, काळा रंगवून, तो बत्तीपुढे इंचाइंचानं सरकवायचा. पत्रा सरकवायचं काम ते कुणालाही देत नसत. "भूत कुणीही आणील," ते म्हणत, "घालवायला हात लागतो." धुरासाठी ते वखारीतलं ओलं गवत जाळायचे. त्याचा पहिला प्रयोग त्यांनी वखारीतच केला. शेठ धोतर सावरत धावत आले, बादली ओतून झाल्यावर खाली बसले आणि आपल्या गुजराती-मराठीत म्हणाले, "भाई, तमे भूत करा, मला वांधो नाय. पण वखारीपासून एक मैल लांब करा." आतोबांनी खरोखर मैल मोजला. तो समुद्रावर येत होता, म्हणून पुढचे धूर समुद्रावर झाले.

समुद्रावरूनच ती मांजरांची भानगड उद्भवली. भुताची चादर पिवळट दिसते म्हणून आतोबांनी ती नीळ घालून धुतली आणि किनाऱ्यावर बोंबील वाळवायचे लांब बांबू असतात, त्यांवर बोंबलांच्या शेजारी पसरली. मासळी राखत बसलेली कोळीण म्हणाली, "भाऊ, वास लागंल हां त्याला." आतोबा हसले. भुताला कसला वास, म्हणाले. तीन दिवस चादर तिथं उन्हात राहिली. प्रयोगात भूत विंगेतून आलं, हात पसरले, पोरंबाळं आयांच्या कुशीत शिरली, आणि भुतामागोमाग एक मांजर आलं. मग दुसरं. दोन बोके आणि एक मांजरी भुताच्या पायाशी घोटाळू लागली. भूत बिचारं "सूड" म्हणत होतं आणि पायानं बोक्याला ढकलत होतं. मांडव हसून लोटपोट. आतोबा मात्र विंगेत भिंतीला टेकून तोंड पाडून उभे होते. हसणाऱ्यांचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. त्यांचं लक्ष पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीकडे होतं. तिथं आत्या बसली होती.

आत्या कशालाच भीत नसे. ओळखीत कुणी गेलं की रडणारे रडत बसत आणि बोलावणं आत्याला येई. ती पदर खोचून जायची, बाईमाणूस असेल तर आंघोळ घालायची, डोळे मिटायची, हनुवटीला फडकं बांधायची, आणि घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं की वालाचं बिरडं सोलायला बसायची. अशा बाईला भुताचं काय कौतुक? तरी ती आतोबांच्या प्रत्येक नाटकाला जात असे, नवऱ्याची हौस म्हणून, आणि नेमक्या जीवघेण्या शांततेत तिचा आवाज यायचा. आशागडला सगळ्यांचे श्वास अडकलेले असताना ती खणखणीत म्हणाली, "अहो, त्याला चष्मा काढायला सांगा. भुताला काय लांबचं दिसत नाही?" खरोखरच भूत चष्मा काढायला विसरलं होतं.

आतोबांना हे फार लागे. बाकी कशानं नाही, पण या एका गोष्टीनं त्यांना जेवण घशाखाली उतरत नसे. "साऱ्या तालुक्याच्या बायका किंचाळतात," ते मला म्हणायचे, "आणि माझ्या घरची बाई भुताच्या चुका काढते. एकदा तिनं घाबरून ओरडायला हवं रे. एकदाच. मग माझं भूत खरं." इतकी वर्षं गावोगाव सामान वाहून नेणाऱ्या या माणसाला टाळ्या नको होत्या, बक्षीस नको होतं, स्वतःच्या बायकोची एक किंकाळी हवी होती.

तलासरीकडच्या एका डोंगरातल्या गावी आम्ही शाळेच्या अंगणात नाटक केलं, तेव्हा तर आणखी फजिती झाली. भूत आलं, धूर निघाला, मी विंगेतून मडक्यात तोंड घालून हू हू केलं. समोरची शेतकरी मंडळी गंभीरपणे बघत राहिली. तेवढ्यात एक म्हातारा उठला, पळसाच्या पानावर भात आणि वर सुकटीची चटणी घेऊन मंचावर चढला आणि भुतापुढे ठेवून "बस, जेव" म्हणाला. आतोबा मला कोपरानं ढोसत म्हणाले, "बघ, यांना खरं वाटलं." नाटकानंतर ते म्हाताऱ्याला मुद्दाम भेटायला गेले. तो म्हणाला, "भूत कुठला? तुमचा पोस्टमास्तर आहे तो. दुपारपासून खांब पुरतोय, कुणी त्याला खायला नाय दिलं." आत्या मागं उभी होती. परतीच्या अख्ख्या वाटेवर तिनं दुसरा विषय काढला नाही.

मग आली काच. मुंबईच्या कुठल्याशा प्रदर्शनात आतोबांनी ती करामत पाहिली होती. मंचावर मोठी स्वच्छ काच तिरकी उभी करायची, माणूस विंगेत काळ्या पडद्याआड उभा करायचा आणि त्याच्यावर उजेड सोडायचा. त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं. लोकांना काच दिसत नाही, माणूस दिसत नाही, अधांतरी भूत तेवढं दिसतं. आणि उजेड कमी केला की भूत हवेत विरून जातं. एवढी मोठी काच आसपास एकाच ठिकाणी होती, बोर्डीच्या एका पारशी बागवाल्या म्हाताऱ्याच्या दिवाणखान्यात. आतोबा सहा रविवार त्यांच्याकडे चिकू खात बसले. सातव्या रविवारी बावाजी कंटाळून म्हणाले, "काच लई जा डीकरा, पण भूत पहिलं मला दाखव." बैलगाडीत वखारीचं गवत भरून त्यात काच ठेवली. बंगल्यापासून नाटक व्हायचं होतं त्या बोर्डीच्या शाळेपर्यंत आतोबा चालत आले, एक हात काचेवर ठेवून, बैलांना "सावकाश, महाराज, घाई नाही" असं अहोजाहो करत.

नाटक तिथल्याच एका मास्तरांनी लिहिलेलं होतं. मेलेला बाप घर कायमचं सोडण्याआधी एकदा वळून आपल्या माणसांकडे बघतो, एवढाच भुताचा प्रसंग. आतोबांनी यावेळी आढेवेढे घेतले नाहीत, मान खाली घालून आत्यालाच विचारलं, मेलेला माणूस खरा दिसतो कसा? आत्या बिरडं सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमच्यासारखे दात विचकत नाहीत हो ते. सगळ्या आठ्या गेलेल्या असतात. नाक जरा वर आल्यासारखं वाटतं. आणि चादर कसली घालता? माणूस रोजच्याच कपड्यांत जातो." आतोबांनी सगळं वहीत उतरवून घेतलं, वर तारीख घालून.

भुताचं काम करणार होते कचेरीतले एक कारकून. प्रयोगाच्या सकाळी त्यांना गालगुंड झालं. दोन्ही गाल टम्म फुगलेले. असं गुटगुटीत भूत दाखवून बापाबद्दल कळवळा कुठून येणार? बाकी सगळ्यांना कामं होती. शेवटी आतोबा स्वतः उभे राहिले. आत्याला हे कळवायला कुणी नव्हतं. ती डहाणूहून संध्याकाळच्या बसनं आली आणि थेट पहिल्या रांगेत बसली. आतोबांनी तोंडाला तांदळाचं पीठ लावलं, नाकाच्या दोन्ही बाजूंना किंचित राख. अंगात वखारीत जातानाचा रोजचा कोट. पत्रा पहिल्यांदाच माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घाई करू नकोस."

बत्ती लागली. काचेत आतोबा उभे राहिले, जमिनीपासून वीतभर वर. मी इतकी भुतं विंगेतून पाहिलेला माणूस, पण मलाही थंडी वाजली. आठ्या नाहीत, घाई नाही. वखारीतला कारकून कुठं गेला होता कुणास ठाऊक. ते सावकाश वळले आणि लोकांकडे पाहिलं. मी पत्रा सरकवू लागलो. पाय गेले, कोट गेला, चेहरा फिका होत गेला.

"अहो."

हाक मोठी नव्हती. मग ती मोठी झाली. "अहो, थांबा. थांबा ना." आत्या खुर्ची पाडून उठली होती. ती मंचावर चढली, आणि चेहरा होता तिथं हात घालायला गेली. हात काचेवर आपटला. ती दोन्ही तळव्यांनी काच चाचपत राहिली आणि तोंडातून नुसता आवाज निघत होता, शब्द नव्हता. माझा हात थांबला नाही. पत्रा पुरता सरकला आणि आतोबा नाहीसे झाले. लोकांना वाटलं, ही मेलेल्याची बायको, नाटकातलीच. टाळ्यांनी मांडव दणाणला. मीही वाजवल्या. मला वाटलं, जिंकले आतोबा.

आतोबा विंगेतून धावत बाहेर आले, तोंडावर तसंच पीठ. आत्यानं त्यांना बघितलं, दोन्ही दंड धरले आणि दाबून पाहिले. मग म्हणाली, "घरी चला." उरलेला अंक आम्ही कसाबसा उरकला. ते दोघं बस सुटेपर्यंत थांब्यावर उभे होते. तिनं त्यांची बाही सोडली नव्हती. त्या काळी नवरा-बायको रस्त्यात असे उभे राहत नसत.

काच मीच बावाजींना परत केली. पुढच्या वर्षी मंडळाचा निरोप आला तेव्हा आतोबा म्हणाले, "आता हात चालत नाही." हात उत्तम चालत होता. मी एकदा चिडवलं, की अहो, झाली की तुमची इच्छा पुरी. त्यांनी लावत असलेलं पान खाली ठेवलं. "मला वाटायचं, ती कशालाच भीत नाही," एवढंच म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून उठून आत गेले.

आतोबा खरेच गेले ते चार-पाच वर्षांनी, दोन दिवसांच्या तापानं, भर दुपारी. आत्यानंच डोळे मिटले, कोटाची बटणं लावली, आलेल्यांना पाणी विचारलं. डोळ्यांतून टिपूस नाही. शेजारच्या बायका आपसांत म्हणाल्या, बाई मनाची घट्टच. तिला जो आकांत करायचा होता, तो तिनं बोर्डीच्या शाळेत करून घेतला होता, आणि आम्ही सगळे बसून टाळ्या वाजवत होतो.