सांबाचं निवेदन

“सूड घ्यायचा तर तालात घ्यावा,” असं म्हणून काकू मांडीवर खंजिरी आपटायच्या. खंजिरी ब्राझीलची, मांडी कोल्हापूरची, आणि आम्ही दोघी अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायच्या कम्युनिटी सेंटरबाहेर माझ्या गाडीत.

एकतीस वर्षांच्या संसारानंतर काका इथल्या मराठी मंडळातल्याच एका बाईंकडे राहायला गेले. जाताना मसाल्याचा डबाही घेऊन गेले. माणूस गेल्यापेक्षा डबा गेल्याचा राग काकूंना जास्त होता. असे राग तुम्हीही पाहिले असतील.

सेंटरमध्ये दर शनिवारी एक ब्राझिलियन गृहस्थ सांबा, म्हणजे त्यांच्याकडचं नाचगाणं, शिकवायचे. विधुर, कार कंपनीतून रिटायर झालेले. गाण्यांचा अर्थ ते इंग्रजीत समजावून सांगत. काकू मन लावून ऐकायच्या आणि परतताना मला म्हणायच्या, “आपल्याकडे नवरा गेला की बाई भजनाला लागते. यांच्यात म्हणते, गेलास? बरं झालं, जागा झाली. आणि वर नाचते गं.”

गणपतीच्या कार्यक्रमात त्यांनी सांबासाठी नाव दिलं. मंडळाचे कायमचे निवेदक काकाच. कलाकाराने लिहून दिलेला कागद ते थेट स्टेजवर उघडत. “आधी वाचलं की ताजेपणा जातो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काकूंना ते पाठ होतं.

“काकू, नवं प्रेम खरंच आहे का?” त्यांनी गाण्याचा अर्थ म्हणून लिहिलेला कागद पाहून मी विचारलं.

“नाही गं. पण त्याच्या तोंडून एकदा निघू दे. मग मला झोप लागेल.”

काकांनी भारदस्त आवाजात सुरुवात केली. “नायिका म्हणते, पहाट झाली, मी अंगण झाडलं, जुनं प्रेम केराबरोबर गेलं.” इथे ते अडखळले. पण भरल्या हॉलसमोर थांबणार कसे? “दारात आता नवं प्रेम उभं आहे. गेलेल्याने परत येऊ नये. मसाल्याचा डबासुद्धा मी नवा घेतला आहे.”

हॉलमध्ये हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने मी हसले आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

काकू दोनदा बेसूर झाल्या, पण पहिल्या रांगेत बसलेल्या काकांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. त्यांचं लक्ष ढोल वाजवणाऱ्या ब्राझिलियन गुरुजींकडे होतं. कार्यक्रम संपल्यावर गुरुजींनी विचारलं, लोक का हसले? काकू लाजल्या. “आय विल टेल यू इन द कार,” म्हणाल्या. मी त्या दिवशी एकटीच घरी आले.

वसंतात काकूंनी घर विकलं आणि दोघं फ्लोरिडाला गेली. निघताना नवा डबा मांडीवर होता. काच खाली करून म्हणाल्या, “त्याला सांग, गाणं खरं निघालं.” शनिवारी मला त्यांची फार आठवण येते.

यंदा गणपतीत मी गाणार आहे. निवेदन लिहून दिलंय, शेवटच्या ओळीत काकूंचा निरोप आहे. काका हल्ली कागद आधी वाचून घेतात म्हणे. वाचू देत. निरोप त्यांनाच आहे.