किहाचिभाऊंनी टांगलेलं घरटं

पक्ष्यांच्या बाबतीत किहाचिभाऊंना शिकवायला जाणं म्हणजे आपलाच पाणउतारा करून घेणं. जपानातल्या आमच्या यातोमी गावात त्यांचं अख्खं आयुष्य जावा चिमण्या वाढवण्यात गेलं. पिल्लं भरवून भरवून यांची बोटं वाकडी झाली, असं त्यांची बायको तोमिएवहिनी म्हणते. बजी पोपटांना मात्र त्यांनी कधी पक्ष्यांत धरलंच नाही. नुसती बडबडी जात, म्हणायचे. घरातली बजीची जोडी वहिनींची: निळा नर सोरा आणि पिवळी मादी मुगी.

या हिवाळ्यात वहिनींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात जाताना त्यांनी नवऱ्याला बजावलं, माझी जोडी मला आहे तशी परत हवी. मी शेजारीण, साक्षीला होते. किहाचिभाऊ नुसते "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे शपथच समजा.

आणि वहिनींची पाठ वळते न वळते तोच पिंजऱ्यात रणकंदन सुरू. मुगी उठसूट सोरावर धावून जायची. एकदा तिने त्याच्या पायाच्या बोटाला असा चावा घेतला की खालचा कागद लाल झाला. मी डोकावले तर भाऊ तोंड पाडून बसलेले. म्हणे ही त्याचा जीव घेणार, यांचं आता जमायचं नाही. कुवाना गावच्या एका ओळखीच्या माणसाला त्यांनी सोरा द्यायचं कबूलही केलं होतं. तो माणूस संध्याकाळी न्यायला येणार. आणि वहिनींना फोनवर रोज काय सांगत होते? मजेत आहेत दोघं.

माझं डोकंच फिरलं. ती बाई तिकडे पाय मोडल्यागत पडलीय, आणि इकडे तिची जोडी मोडायची, तीही चोरून? मी सरळ फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. मग काय, सांगावंच लागलं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पिंजऱ्यात नवीन काय ठेवलंत?"

"काही नाही," भाऊ म्हणाले.

मी वाकून पाहिलं. कोपऱ्यात गवताचं विणलेलं, मडक्यासारखं घरटं टांगलेलं. आमच्याकडे जावा चिमण्यांच्या प्रत्येक पिंजऱ्यात असतं, म्हणून मला आधी खटकलंच नव्हतं. मुगी त्यात शिरून, नुसतं तोंड बाहेर काढून, पिसं फुलवून बसली होती. मी फोनजवळ जाऊन सांगून टाकलं.

"थंडी पडलीय म्हणून टांगलं," भाऊ पुटपुटले. "चिमण्या दोघं मिळून झोपतात त्यात."

"अहो, या चिमण्या नाहीत. बजीच्या मादीला असा आडोसा दिसला की ती अंड्यांच्या तयारीला लागते. मग नवऱ्यालाही दारात उभं करत नाही. ते काढा आधी. आणि सोरा कुठेही जायचा नाही."

भाऊंचे कान लाल झाले. घरटं काढताना मुगीने त्यांचंही बोट फोडलं. मला हसू आलं, मी लपवलं नाही. मग त्यांनी कुवानाच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवलं आणि जखम भरेपर्यंत सोराला शेजारच्या पिंजऱ्यात ठेवलं.

तो बरा झाल्यावर दोघांना एकत्र सोडायचं होतं, तेव्हा भाऊंनी मला मुद्दाम बोलावलं. एकट्याने बघायची छाती होत नव्हती त्यांची. मुगी दांडीवरून सरकत सरकत सोराजवळ आली. सोराने मान खालीवर झटकली, झटकली, आणि चोचीतून दाणे बाहेर काढले. भाऊ पांढरेफटक. त्यांनी धावत जाऊन वहिनींना फोन लावला.

"अगं, हा ओकतोय. आजारी पडला वाटतं."

"ती काय करतेय?"

भाऊंनी मान वळवली. मुगीने चोच त्याच्या चोचीत घातली होती आणि डोळे मिटून मटामटा गिळत होती.

"खातेय," ते म्हणाले.

"मग भरवतोय तो तिला. आयुष्यभर पिल्लं भरवलीत आणि हे ओळखलं नाहीत? झालं त्यांचं गोड."

किहाचिभाऊ होते तिथेच चटईवर बसले आणि रडायला लागले. माझ्यादेखत, लाजबीज काही नाही. मलाही हुंदका आला, इतकं हलकं वाटलं. फोनवर वहिनींनी विचारलं, "तुम्ही जेवताय ना नीट?"

"नाही. घशाखाली उतरत नव्हतं गं काही."

"आणि आता?"

भाऊंनी बाहीने नाक पुसलं. जरा विचार केला.

"आता लागलीय भूक," ते म्हणाले.

मी उठले आणि भात लावला.